टनाचा भाव सगळ्यांना एकच, मग उतरंड कुठे असते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या एका गावचे, समाजशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि आई-वडील अजूनही कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जातात. गावातून वंजारी, मराठा, मातंग, बौद्ध, बंजारा अशी सगळीच घरं ऊसतोडीला बाहेर पडतात. टनाचा भाव सगळ्यांना सारखा, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) थोड्याफार फरकानं सारखी, राहायला कोपी (तळावरची झोपडी) सारखीच. मग लघुप्रबंधात हे स्तरीकरण जातीचं म्हणायचं की वर्गाचं? तुमचे मार्गदर्शक म्हणतात की जात आता निवडणुकीपुरती उरली आहे. पुस्तकं वेगळं सांगतात. आणि घरी जे दिसतं ते या दोन्हींत नीट बसत नाही.

मी २८ वर्षं मराठवाड्यात समाजशास्त्र शिकवते आहे आणि त्यातले बरेच हिवाळे ऊसतोड कामगारांच्या तळांवर गेले आहेत. तुमच्यासारखाच प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी विचारतं आणि बहुतेक वेळा विचारणारा त्याच घरांतला असतो. म्हणून या वेळी सविस्तरच लिहिते.

आधी थेट उत्तर. उसाच्या फडात उभं राहून कोण काय करतंय एवढंच पाहिलं, तर सगळे सारखे दिसणार. सगळ्यांच्या हातात कोयता, सगळ्यांच्या डोक्यावर मोळी. तिथे दुसरा प्रश्न विचारायला हवा: इथून बाहेर कोणाला पडता येतं, किती वर्षांत, आणि कोणाच्या आधारानं? हे विचारलंत की एकाच तळावरची घरं वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी दिसायला लागतात. जात की वर्ग हे त्यानंतर विचारायचं. तोवर तो प्रश्न पुष्कळ सोपा झालेला असतो.

विषमता आणि स्तरीकरण हे शब्द विद्यार्थी एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. माझ्या शेजाऱ्याकडे माझ्यापेक्षा दुप्पट पैसे आहेत, ही विषमता झाली. तो फरक आमच्या मुलांकडे, नातवंडांकडे ठरलेल्या वाटेनं जात राहतो, आणि तो तसा जावा अशी जमिनीची, लग्नाची, शाळेची, मानपानाची घडीच बसलेली असते, तेव्हा त्याला स्तरीकरण म्हणायचं. म्हणजे स्तरीकरणात काळ मोजावा लागतो. एका हंगामाच्या पाहणीत ते हाताला लागत नाही. तुमचा गोंधळ इथेच झाला आहे असं मला वाटतं.

आता हिशेब मांडू. जानेवारी २०२४ मध्ये सहकारी साखर कारखान्यांचा साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार झाला. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, दर टनाला ३६६ रुपये झाला आणि कामगारांची टोळी पुरवणाऱ्या मुकादमाचं कमिशन २० टक्के ठरलं. समजा एका जोडीनं, म्हणजे एका पूर्ण कोयत्यानं, एक लाख उचल घेतली. ती फेडायला पावणेतीनशे टनांच्या आसपास ऊस तोडावा लागतो. नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन तोडतात असं धरलं तर हे झाले जवळजवळ १३७ दिवस, एकही खाडा (सुट्टी) न करता. हंगाम काही कामगारांच्या हिशेबानं चालत नाही. पाऊस कमी झाला, ऊस कमी असला, तर तो शंभर दिवसांच्या आतबाहेर आटोपतो. शंभर दिवसांत दोनशे टन, त्याचे ७३,२०० रुपये. उरलेले २६,८०० अंगावर फिरले. हंगामभर राबून घरी परतताना माणूस बाकी घेऊन येतो. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून भाजी-मिठाचं भागतं, पण बाकी वाढ्यानं फिटत नाही.

ही २६,८०० ची बाकी घेऊन दोन घरं गावी परतली असं समजा. अनेक घरांच्या नोंदींवरून ही दोन घरं मी तुमच्यासाठी जोडून घेतली आहेत. गावात शोधलीत तर अशी सापडतील. पहिलं घर वंजारी, तीन एकर कोरडवाहू, सातबारा नावावर, चुलतभाऊ वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. दुसरं घर मातंग. सातबाऱ्यावर काही नाही, आजोबांपासून कसत असलेला गायरानाचा तुकडा, त्यावर नाव सरकारचं. आषाढ लागला की दुसऱ्या घरातलं धान्य संपतं. मग मुकादमाकडे जावं लागतं आणि उचल सुरू होते: किराण्याला पाच हजार, पोरीच्या आजारपणाला तीन हजार, पोळ्याला दोन. दसऱ्यापर्यंत आकडा वहीत बंद झालेला असतो आणि तो मुकादमानं ठरवलेला असतो. जुनी बाकी असल्यामुळे दुसऱ्या मुकादमाकडे जाता येत नाही. पहिलं घर सोयाबीन निघेपर्यंत दम धरतं. दसऱ्याला कोयते कमी पडायला लागले की मुकादम दारात येतात. त्या वेळी आकडा घरवाला सांगतो. शिवाय अट घालतो: टायरगाडी (टायरची बैलगाडी) पाहिजे, डोकी सेंटरला, जिथे मोळ्या डोक्यावरून वाहाव्या लागतात, येणार नाही.

तुम्ही लिहिलं आहे, उचल थोड्याफार फरकानं सारखी. तुमच्या प्रबंधाचा विषय तुम्ही सारखेपणात शोधताय. तो या थोड्याफार फरकात आहे. उचल किती, याबरोबर कोणत्या महिन्यात घेतली हे विचारा. माझ्या वहीत हा रकाना मी फार उशिरा घातला. आधीची काही वर्षं नुसता आकडा लिहीत होते आणि तुमच्यासारखीच गोंधळत होते.

पुढची पायरी मुकादमकीची. फडातून वर जाणारी सगळ्यांत ओळखीची वाट हीच. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून लाखो रुपयांची उचल आणायची, वीस-पंचवीस कोयत्यांची टोळी बांधायची. त्याला करार लागतो, जामीन लागतो, तारण लागतं. सातबारा असला तर बोलणं सुरू होतं. गायरानाच्या तुकड्यावर कोणी जामीन राहत नाही. टोळीतली माणसं पळाली तर ती शोधून आणायला, पंचायतीत, पोलीस पाटलाकडे, ठाण्यात आपलं ऐकलं जाईल असा वट लागतो. मातंग आणि बौद्ध मुकादम मी पाहिले आहेत आणि त्यांची संख्या वाढते आहे, हेही नोंदवायला हवं. पण त्यांच्या टोळ्या बहुधा स्वतःच्या जातीतल्या किंवा त्याहून दुबळ्या समाजातल्या असतात. त्यांच्या हाताखाली कोण काम करायला तयार होतं आणि कोण होत नाही, हे विचारून पाहा. उत्तर देताना माणसं जरा घुटमळतात.

आता एक प्रसंग सांगते, कारण आकड्यांत जे येत नाही ते त्यात आहे.

एका हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तळावर मी महिनाभर जात होते. जाताना पहिल्याच आठवड्यात तळाचा नकाशा काढला. कोप्यांच्या तीन ओळी. पहिल्या दोन रस्त्याच्या बाजूला, मुकादमाच्या कोपीला धरून. तिसरी शेतातल्या चारीच्या पलीकडे, जिथे जमीन खोलगट होती आणि पाणी मुरत होतं. तिसऱ्या ओळीत मातंग आणि पारधी कुटुंबं होती. ओळी कोणी पाडल्या असं विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगितलं: 'कोणी नाही, जो जसा आला तसा उतरला. इथं कुठली जातपात, आपण सगळे ऊसतोड्ये.' हे बोलणं ढोंगाचं नव्हतं. एका ओळीतलं कालवण दुसऱ्या ओळीत जात होतं, आजारी माणसाला दुचाकीवर घालून दवाखान्यात न्यायला कोणीही धावत होतं.

एका संध्याकाळी तळावरचा नळ आटला. वीज नव्हती, मोटर बंद. समोर उसाच्या मालकाचा बंगला होता, तिथे इन्व्हर्टरवर चालणारी बोअरची टाकी. घरच्या बाई भल्या होत्या. 'या, भरून न्या' म्हणाल्या. पहिल्या दोन ओळींतल्या बायका हंडे घेऊन फाटकातून आत गेल्या आणि ओट्याजवळच्या नळाला लागल्या. तिसऱ्या ओळीतल्या बायका फाटकाशी थांबल्या. हंडे खाली ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना कोणी थांबा म्हटलं नव्हतं. त्यांच्यातली सात-आठ वर्षांची एक मुलगी छोटी कळशी घेऊन दोन पावलं आत गेली, तशी तिच्या आजीनं तिचा झगा मागून धरला आणि तिला बाहेर ओढलं. पोरीनं मान वळवून आजीकडे पाहिलं, आणि मग तीही हंड्यांशेजारी उभी राहिली. थोड्या वेळानं आतून एकीनं पाइप आणून फाटकाबाहेर सोडला.

टनाचा भाव त्या आजीला आणि ओट्याजवळच्या बाईला एकच होता. त्या दिवशी दोघींनी सारखाच ऊस तोडला असेल. पण ती मुलगी त्या संध्याकाळी काहीतरी शिकली, जे तिच्या वयाच्या दुसऱ्या ओळीतल्या मुलीला शिकावं लागलं नाही. हे उचलीच्या वहीत कुठे लिहाल?

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यासाठी उपयोगी पडतो. वर्ग, प्रतिष्ठा आणि सत्ता या तीन गोष्टी त्यानं वेगळ्या मोजायला सांगितल्या, त्या परीक्षेत तीन परिच्छेद पाडता यावेत म्हणून नव्हेत. बाजारात एका जागी उभी असलेली माणसं मानाच्या बाबतीत वेगळ्या जागी असू शकतात, हे दिसावं म्हणून. फड हा बाजार झाला; फाटक ही प्रतिष्ठा; आणि मुकादमाला जामीन मिळतो की नाही, ठाण्यात ऐकलं जातं की नाही, ही सत्ता. आपल्याकडे मात्र वेबरच्या एक पाऊल पुढे जावं लागतं, कारण इथे प्रतिष्ठा जन्माबरोबर येते आणि वर्गात शिरायच्या दारावरही तीच उभी असते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाला अनेक मजल्यांचा मनोरा म्हटलं, ज्याला शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्मायचं त्याच मजल्यावर मरायचं. या प्रतिमेत लोकांना मजले लक्षात राहतात. मला नेहमी शिडीचा मुद्दा मोठा वाटत आला आहे. मजले कोणत्याही समाजात असतात. त्यांच्यामध्ये शिडी आहे का, असली तर कोणासाठी, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. पुढे त्यांनी जातीला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटलं आणि तिचा चढत्या-उतरत्या क्रमाचा गुण दाखवला: प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतं, त्यामुळे वरच्याशी भांडताना खालच्याचा हात धरायला माणूस कचरतो.

तुम्ही म्हणाल, मग त्याच फडातल्या मराठा घराचं काय? हा तुमच्या पत्रातला सगळ्यांत चांगला मुद्दा आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची प्रभुजातीची कल्पना तुम्हाला माहीत आहे: संख्या, जमीन, राजकीय वजन. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात हे तिन्ही मराठा समाजाकडे एकवटलेलं दिसतं. बागायती जमीन, सोसायटी, कारखान्याचं संचालक मंडळ. पण प्रभुत्व जातीचं असलं तरी ते तिच्यातल्या प्रत्येक घराकडे असतं असं नाही. तुमच्या गावचा दोन एकर कोरडवाहूवाला मराठा आणि ज्याच्या फडात तो तोडतो तो चाळीस एकर बागायतवाला मराठा यांच्यात सोयरीक होणार नाही. वर्गाची दरी इथे उघडी आहे, ती झाकू नका.

मराठा तोडकऱ्याला जातीमुळे भाकरी जास्त मिळत नाही. त्याला मिळतं ते असं: कारखान्याच्या गट ऑफिसात खुर्ची नसली तरी कान मिळतो. मालकाच्या ओट्यावर चहा मिळतो. कारखान्यात हंगामी वॉचमन किंवा चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा) म्हणून पोराला चिकटवायला गावकी-भावकीतून कोणी शब्द टाकणारा निघू शकतो. हे दार नेहमी उघडतंच असं नाही, पण दार कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं. याची दुसरी बाजूही लिहा. अनेक मराठा घरं कोयत्याला जातात ही गोष्ट पाहुण्यांपासून लपवतात. मुलीच्या सोयरिकीत 'पुण्याकडं कामाला असतात' असं सांगतात. मातंग घराला हे लपवावं लागत नाही, कारण त्यांच्याकडून समाजाची दुसरी अपेक्षाच नसते. म्हणजे प्रतिष्ठा कोणाला वरून ढकलते तर कोणाला खाली दाबून ठेवते. मराठा तोडकऱ्याची लाज खरी आहे आणि तिच्यातून आलेला रागही खरा आहे. गेल्या काही वर्षांतल्या आरक्षणाच्या मोर्चांत चालणाऱ्या पायांत असे पाय पुष्कळ होते. प्रबंधात त्याला हिणवू नका आणि त्याचं दुःख मातंग घराच्या दुःखाशी एकाच वजनाचं आहे असंही लिहू नका.

यात नवीन काही नाही. मुंबईच्या गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी हेच घडत होतं. सगळे कामगार, सगळे चाळीत राहणारे, सगळे भोंग्यावर उठणारे. पण पगार जास्त होता तो विणकामात, साच्यांवर (मागांवर), आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा संपला की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला सवर्ण विणकर तोंड लावायला तयार नव्हता. त्यामुळे त्यांनी रिंगखात्यासारख्या कमी पगाराच्या जागांवर राहायचं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी आग्रह धरला की विणकाम खातं सगळ्यांना खुलं करा ही मागणी संपाच्या मागण्यांत आली पाहिजे. कामगार पुढाऱ्यांनी ती नाराजीनंच घेतली. गिरणीमालकांचं म्हणणं पडलं, की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालकांचं हे म्हणणं एका अर्थी खरं होतं, आणि म्हणून ते जास्त अस्वस्थ करतं. भांडवल स्वतः जात निर्माण करत नव्हतं; तयार असलेली जात त्याला स्वस्तात वापरता येत होती.

आजचा कारखाना तोडकऱ्याबद्दल असंच बोलतो: 'हे आमचे कामगार नाहीत, मुकादमाचे आहेत.' कागदावर तसंच आहे. सहकारी कारखान्यात एका सभासदाला एक मत असतं, पण सभासद म्हणजे ऊस पिकवणारा शेतकरी. ऊस तोडणारा सभासद नसतो, मतदार नसतो, हजेरीपटावरही नसतो. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडचा माणूस बेळगावला गेला तर कायद्याच्या नजरेत स्थलांतरित, कोल्हापूरला गेला तर नाही. कोयता बंद आंदोलनांनी आजवर जे मिळवलं ते मोठं आहे, विशेषतः दर आणि कमिशन. पण खाडा, जुनी बाकी, तळावरची तिसरी ओळ, गायरानाचा सातबारा हे त्या वाटाघाटींच्या टेबलावर क्वचितच येतं. टनाचा भाव सगळ्यांचा एक असतो म्हणून त्यावर एकी होते. जिथे प्रत्येकाचा तोटा वेगळा, तिथे ती तुटते.

कार्यवादी सिद्धांताविषयी तुम्ही दोन ओळी लिहिल्या आहेत, त्यावर मीही दोनच लिहिते. डेव्हिस आणि मूर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये मांडलं, की समाजाला महत्त्वाच्या कामांवर गुणी माणसं बसवायची असतात म्हणून तिथे मोबदला जास्त असतो. पहाटेच्या थंडीत दव पडलेल्या उसात शिरून, पानांच्या धारेनं हात कापून घेत दोन टन तोडण्याइतकं कष्टाचं आणि कारखाना चालायला इतकं गरजेचं काम दुसरं कोणतं, ते मला सांगा. १९५३ मध्ये ट्युमिननं विचारलेला प्रश्न इथे लावा: खालच्या थरात किती गुण होते हे कळायला त्यांना कधी संधी मिळाली होती का?

आता बायकांविषयी, आणि इथे मला थांबून लिहायचं आहे. तुमच्या पत्रात आई-वडील हा शब्द एकदा येतो आणि पुढे सगळीकडे 'कामगार' येतो. कोयता म्हणजे जोडी. पण मुकादमाच्या वहीत नाव एकच असतं, नवऱ्याचं. उचल त्याच्या हातात पडते, अंगठा त्याचा, बाकी मात्र दोघांची. बाई फडात येण्याआधी तीन वाजता उठून भाकरी थापते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, संध्याकाळी पुन्हा चूल. पाळीच्या दिवसांत तिनं खाडा केला तर दंड पडतो, एका दिवसाचे ५०० रुपये किंवा त्याहून जास्त. त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. शेकडा १७ च्या जवळपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण २.६ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांतला वयोगट आणि पद्धत एक नाही, तेव्हा हे आकडे शेजारी शेजारी ठेवताना तसं लिहा. पण फरक एवढा मोठा आहे की वयोगटाचं कारण त्याला पुरत नाही.

यावर 'बायकांचं अज्ञान' असं लिहिलेलं मी प्रबंधांत वाचलं आहे आणि दर वेळी मला चीड येते. ज्या बाईनं मला सांगितलं की 'पिशवी काढली, आता एक कटकट गेली', तिनं आधी हिशेब केला होता: ऑपरेशनचे पैसे किती, पुढच्या दहा हंगामांतले खाडे किती. हिशेब चुकला, कारण पुढचं कंबरदुखीचं आणि औषधांचं आयुष्य त्यात धरलेलं नव्हतं आणि डॉक्टरनं ते सांगितलं नव्हतं. ती अडाणी नव्हती. तिच्यापुढे ठेवलेल्या वाटाच तेवढ्या होत्या.

आणि कोयत्याला जोडी लागते म्हणून लग्नाचं वयही फडातून ठरतं. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, त्याला उचल कमी. पाच महिने मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईची भीती त्यात मिसळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के. जात, वर्ग आणि लिंगभाव अशी तीन प्रकरणं पाडू नका असं मी सांगते ते यामुळे. घर एकच असतं, निर्णय एकाच रात्री होतो, आणि तिन्ही गोष्टी त्या रात्री चुलीपुढे बसलेल्या असतात.

आता कामाचं बोलू. तीस घरं पुरेत, पण प्रत्येक घराच्या तीन पिढ्या घ्या. आजोबा कोणत्या साली पहिल्यांदा कोयत्याला गेले? पुष्कळ घरांत १९७२ चा दुष्काळ येईल, तिथून धागा पकडा. त्याआधी ते घर काय करत होतं? बलुतं होतं का, दोर वळत होते का, बैलावरून माल वाहत होते का, की जमीन होती आणि विहीर आटली? मग गेल्या वीस वर्षांत त्या घरातलं कोण कोयत्यातून सुटलं आणि कशानं: शाळेनं, मुकादमकीनं, ड्रायव्हरकीनं, पुण्याच्या कंपनीतल्या कंत्राटी कामानं, सुनेच्या माहेरच्या ओळखीनं? ज्यांचं कोणीच सुटलं नाही ती घरं वेगळी काढा. त्यांची यादी समोर ठेवली की जात आणि जमीन एकमेकींत कशा गुंतल्या आहेत ते तुम्हाला माझ्या सांगण्यावाचून दिसेल.

'तुमच्याकडे जात पाळतात का?' हे कधी विचारू नका. सगळे नाही म्हणतील आणि मनापासून म्हणतील. त्याऐवजी, तळावर पाणी कुठून भरायचा, गेल्या वर्षीच्या लग्नात पंगतीला कोण कोण होतं, अडीनडीला रात्री बारा वाजता कोणाचं दार वाजवलंत, हे विचारा. मुलाखती तळावर घेऊ नका. मुकादम बाजूला बसलेला असतो. मी सुरुवातीच्या वर्षी घेतल्या होत्या, मुकादमानंच माणसं गोळा करून दिली होती, सगळे पुरुष. ती वही आज कामाची नाही. पावसाळ्यात गावी जा, बायकांशी बायकांच्या वेळेला बोला, दुपारी निवडण-टिपण चालू असताना. तुम्ही गावचेच पुरुष आहात, काही गोष्टी तुम्हाला सांगणार नाहीत. एखादी वर्गमैत्रीण बरोबर न्या आणि तसं पद्धतीच्या प्रकरणात लिहा.

राहिला तुमच्या मार्गदर्शकांचा आक्षेप. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी तीस घरांचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवा, उचलीचा महिना आणि सुटकेची वाट हे दोन रकाने रंगवून. जात निवडणुकीपुरती उरली असेल तर ते रंग सगळीकडे सारखे पसरलेले दिसायला हवेत.

तीसांतलं पहिलं घर तुमचं स्वतःचं घ्या. तुम्ही एम.ए.पर्यंत आलात, म्हणजे तुमच्या घरातून एक वाट निघाली. ती कशी निघाली? हंगामात तुम्ही कोणाकडे राहिलात, आजीकडे, हंगामी वसतिगृहात, की मामाच्या घरी? फी कोणत्या वर्षीच्या उचलीतून गेली, आणि ती शिष्यवृत्ती कोणत्या प्रवर्गातून मिळाली? पत्रात तुम्ही एका मोठ्या बहिणीचा ओझरता उल्लेख केला आहे. तिची शाळा कितवीत सुटली, लग्न कितव्या वर्षी झालं आणि त्या हंगामात तुमच्या वडिलांच्या नावावर बाकी किती होती, हे आईला विचारा आणि त्याच पानावर, तुमच्या नावाखाली लिहा.